भैयालाल सरांचा पंखा

शाळेला सौर पॅनेल मिळालं आणि मुख्याध्यापक भैयालाल सरांनी पहिलं काम काय केलं, तर त्याला खोळ शिवून घेतली. "उन्हात ठेवलं तं रंग उडून जाईन. सरकारी वस्तू हाय!" म्हणत त्यांनी ते आपल्या खोलीत भिंतीला टेकवलं. रोज खोळ झटकायचे. दसऱ्याला हळदकुंकूही वाहिलं. उन्हाशी वैर धरलेलं सौर पॅनेल अख्ख्या केशोरी गावात आमचंच!

विज्ञानाचे संघदीप सर कंत्राटावरचे. हातानं जोडल्याशिवाय वीज कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आम्हा नववीच्या पोरींकडून वायरी सोलून घेतल्या, मोटर लावून छोटा पंखा करून घेतला. पण पॅनेल मागितलं की भैयालाल सरांच्या कपाळाला आठ्या. पंखा नुसता पडून. मला अशी चीड आली!

फेब्रुवारीतल्या एका रविवारी झाडलोटीच्या निमित्तानं मी आणि माझ्या वर्गातल्या रंजितानं सरांच्या खोलीची चावी घेतली. पॅनेल छतावर चढवलं, खोळीत तेवढ्याच मापाचा जुना फळा घातला. वायर खिडकीतून आत आणून पंखा सरांच्या टेबलावर मांडला आणि खाली एक बंद डबा ठेवला.

"सर, बॅटरीवर चालते," मी सोमवारी सांगितलं.

त्या वर्षी भारनियमन दहा-दहा तासांचं. सगळं गाव घामाघूम आणि सर गारेगार. ढग आला की पंखा मंदावायचा. "थकली बिचारी बॅटरी," असं म्हणत ते फळ्याची खोळ झटकायचे.

एप्रिलमध्ये तपासणीला मॅडम आल्या. सौर पॅनेल दाखवा म्हणाल्या. सरांनी ऐटीत खोळ ओढली, तर आत फळा! कधीकाळचा सुविचारही त्यावर पुसट दिसत होता.

सर थेट संघदीप सरांवर घसरले. "सामानाच्या वहीत सही तुमची हाय. पॅनेल कुठी गेलं? बोलत काऊन नाही? उद्यापासून येऊ नका!"

संघदीप सरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. स्वागताची फुलं घेऊन मी दारातच उभी होते. गंमत आमची आणि नोकरी त्यांची जाणार? मी आत शिरले आणि वायर उपसली. पंखा थांबला.

"सर, पॅनेल छतावर हाय. दोन महिने झाले, तुमालेच वारा देऊन राहिलं. संघदीप सरले काहीच माहीत नाही. आमीच केलं."

"अन् बॅटरी?" भैयालाल सरांनी डबा उघडला. आत अर्धी वीट.

मॅडमना हसू आवरेना. छतावर जाऊन त्यांनी एकेक जोड तपासला आणि शिकवलं कोणी ते विचारलं. मी संघदीप सरांकडे बोट दाखवलं.

खाली येईपर्यंत भैयालाल सरांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी माझा कान चांगला पिळला.

"उभी काऊन राहिली? जोड ते वायर!" मग संघदीप सरांकडे न पाहताच म्हणाले, "अन् तुमी उद्या शाळा सुटल्यावर माह्या घरी या. माहं छत पाहून घ्या."