माझ्या 'कट्'वर जाऊ नका

मी रहेमतुल्ला मेकॅनिकच्या गॅरेजमधला टॉर्क पाना बोलतोय. मोताळ्यात माझ्या शब्दाला मान आहे, आणि त्याचाच आता माझ्या जिवाला घोर लागलाय.

माझं काम साधं. मुठीवर आकडा लावायचा अन् नट आवळायचा. हवा तेवढा जोर झाला की मी 'कट्' म्हणतो. तिथं थांबायचं. बीटी बियाण्याच्या सुरुवातीच्या वर्षांत कापूस बरा पिकला, गावोगाव मोटारसायकली आल्या, तेव्हा रहेमतुल्लानं मला जळगावहून आणलं. गिऱ्हाइकापुढं तो ऐटीत म्हणायचा, "कंपनीचं माप हाय, अंदाजपंचे काम नाही!" खरं सांगतो, मीही फुगलो होतो.

पण काम झालं की माझी मूठ उलटी फिरवून आतली स्प्रिंग सैल करावी लागते. रहेमतुल्ला म्हणायचा, "उद्या तोच आकडा लावाचा हाय, कायले फिरवू?" आणि तसाच खिळ्याला अडकवायचा. मग एका साली गुलाबी बोंडअळी आली. पऱ्हाटीचं बोंड फोडलं की आत अळी! लोकांनी गाड्या दुरुस्तीला आणणंच सोडलं. चार-पाच महिने मी भिंतीवर ताणलेलाच. स्प्रिंगचा दम गेला. आता जोर पुरा व्हायच्या आधीच मी 'कट्' म्हणतो. मला कळतं हो, पण सांगू कसं?

त्यानंतर गुलाबराव पंक्चर काढायला आले. त्यांच्या मागच्या चाकाचा नट मीच आवळला. चौथ्या दिवशी नांदुऱ्याच्या रस्त्यावर तो ढिला पडला, चाक लटपटलं आणि मागं बसलेल्या त्यांच्या बायकोचा, सत्यभामाबाईंचा, पडून हात मोडला.

गुलाबराव तणतणत आले. "काऊन बे रहेमत, नट कसला नव्हता का? बायको मेली असती माही!"

रहेमतुल्ला पांढराफटक पडला. "अल्लाकसम, कसला होता, गुलाबभाऊ. हा पाना खोटं बोलत नाही." समोरच्या गाडीला लावून त्यानं मला ओढलं. मी 'कट्' म्हणालो. धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

गुलाबरावांचा राग उतरला. "मंग माहंच चुकलं. गाडीवरच्या पोत्याचं वझं जास्त झालं असन." त्यांनी रहेमतुल्लाची माफी मागितली. बिचाऱ्या गुलाबरावांचा काडीचाही दोष नव्हता.

आज त्यांची गाडी पुन्हा इथं आहे. सत्यभामाबाईंचं प्लास्टर दाखवायला राजूर घाटानं बुलढाण्याला जायचंय. रहेमतुल्लानं नवा नट घातला, मला लावलं अन् म्हणाला, "आयका, भाऊ."

कट्.

"आता भेव नाही न, रहेमतभाऊ?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"अजिबात नाही, वहिनी."

गाडी सुरू झाली. चांगला हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवून त्या बसताहेत. अहो, बसू नका! कोणीतरी थांबवा हो त्यांना, मी खोटं बोललोय!