मागे कुणीतरी राहायला हवं

निवृत्त झाल्यावर शिगेनोरी उत्सुमींना घरात मान राहिला नाही असं नाही, जागा राहिली नाही. बायको तोमोए व्हॅक्यूम क्लीनर घेऊन खोलीत आली की ते पलीकडच्या खोलीत जात. मग क्लीनर तिकडे येई. साठीच्या माणसाचा इतक्या चिकाटीनं पाठलाग फक्त यंत्रच करू जाणे. काही महिने असे काढल्यावर त्यांनी ठरवलं, जपान सोडून उरलेलं आयुष्य थायलंडात काढायचं. चिआंग माईला, गोल्फच्या मैदानाला लागून असलेल्या घरात. आणि एकट्यानं.

एकट्यानं अशासाठी, की घरात आई होती. किनुबाई नव्वदीला टेकलेल्या, चाकांच्या खुर्चीत. त्यांची आंघोळ, औषधं, सगळं तोमोए बघायची. ताकासाकी स्टेशनसमोर मिझोगुची नावाचा व्हिसाचा एजंट बसायचा. त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक, निवृत्त माणसानं स्वतःपुरता व्हिसा काढायचा. दुसरी, त्याच व्हिसाला नवरा किंवा बायको जोडून घ्यायची. शिगेनोरींनी पहिली वाट धरली.

"मागे आईजवळ कुणीतरी राहायला हवं ना," ते म्हणाले. हे 'कुणीतरी' त्यांनी अशा सुरात म्हटलं, जणू बाहेर उमेदवारांची रांग लागली आहे.

पंप बनवणाऱ्या कंपनीत त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि तेवढ्या काळात एकही निर्णय बैठकीत होताना त्यांनी पाहिला नव्हता. निर्णय आधीच होत. जिन्यात, सिगारेटच्या खोलीत, मुतारीत शेजारी शेजारी उभं राहून. झाड हलवायचं असलं की आधी भोवतीची मुळं मोकळी करतात, तसं एकेका माणसाला गाठून मोकळं करायचं. मग बैठक फक्त माना डोलावण्यापुरती. शिगेनोरी यात पटाईत होते. एकदा त्यांनी तिघांना अशा सफाईनं पार उत्तरेला होक्काइदोच्या बर्फात बदलीवर पाठवलं होतं, की तिघांनीही निघताना वाकून आभार मानले होते.

तर त्यांनी मुळं मोकळी करायला घेतली. नागानोला राहणाऱ्या बहिणीकडे खरबूज घेऊन गेले. ती म्हणाली, सगळ्यांना पटेल ते मला पटेल. देवळाच्या पुजारीबुवांना उंची साकेची, तांदळाच्या दारूची, बाटली दिली. ते म्हणाले, सगळं कसं विचारपूर्वक चाललंय तुमच्या घरात. आईजवळ विषय काढला तेव्हा ती घेवड्याची गोड वडी चघळत होती. तिनं दोनदा मान हलवली. मिझोगुचीला बैठकीला येऊन चार शब्द बोलायची गळ घातली. विचारायची राहिली ती फक्त तोमोए. पण कंपनीतही ज्याची बदली व्हायची त्याला कुणी विचारत नसे. त्याला कळवत.

रविवारी दुपारी बैठक भरली. कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, गरम पांघरुणाखाली सगळ्यांचे पाय, वर संत्र्यांची टोपली. मानाच्या जागी आईची खुर्ची. बैठकीचा वृत्तांत शिगेनोरींनी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता, म्हणजे बैठकीमुळे त्यात चुका व्हायला नकोत. त्यांनी प्रस्ताव मांडला. तोमोए चहा ओतत ऐकत राहिली. तिनं कपाळाला आठीसुद्धा घातली नाही, हे त्यांना जरा खटकलं. बदली झालेला माणूस निदान आवंढा गिळतो तरी.

मग मिझोगुची घसा साफ करून म्हणाला, साहेबांनी निवडलेला व्हिसा उत्तमच आहे, फक्त एक बारीकशी अट आहे. अर्जदाराची पुंजी त्याच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यात दिसावी लागते.

"आहे की," शिगेनोरी म्हणाले.

"नाहीये हो," तोमोए म्हणाली.

लग्नानंतरच्या पहिल्या पगारापासून त्यांनी सगळे पैसे बायकोच्या हाती सोपवले होते आणि दर महिन्याला तिच्याकडून खिशाला पुरतील एवढे घेतले होते. कंपनीतले सगळेच पुरुष तसं करत. ते पैसे पुढे कुठे जातात हे विचारणं त्यांच्यात बायकी समजलं जाई. निवृत्तीची रक्कम आली तेव्हाही ते म्हणाले होते, बँकेची कटकट तू बघ. तिनं बघितली होती. पेन्शन सुरू व्हायला अजून काही वर्षं होती.

"माझ्या नावावर काय आहे मग?" त्यांनी विचारलं.

तोमोएनं खरंच आठवून पाहिलं. "वाचनालयाचं कार्ड."

शिगेनोरी व्यवहारी माणूस. एक घोट चहा घेईपर्यंत त्यांनी नवी वाट शोधली. हरकत नाही, म्हणाले. तोमोएच्या नावानं व्हिसा काढू, मी त्याला जोडलेला नवरा. दोघं जाऊ. आईला त्या टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवता येईल, तिथून रेल्वे छान दिसते. आई समोरच बसली होती. तिनं संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि बी काढून त्यांच्या बशीत ठेवली.

"माझा व्हिसा झालाय," तोमोए म्हणाली. "आईंचाही. वय पन्नासच्या वर लागतं. किती वर, ते कुणी विचारत नाही. आणि बाबांच्या पश्चात मिळणारी पेन्शन आईंच्या स्वतःच्या खात्यात येते."

"आणि मी? मला जोडलं नाहीस?"

"कसं जोडणार? मागे बाबांजवळ कुणीतरी राहायला हवं ना."

बाबा कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात होते. वारून बरीच वर्षं झाली होती, पण रोज सकाळी त्यांना वाटीभर गरम भात, चहा आणि उदबत्ती लागे. घरातलं कुणीही एवढ्या नियमानं जेवत नसे.

शिगेनोरींनी मिझोगुचीकडे पाहिलं. मिझोगुची संत्र्याचं साल एका अखंड पट्टीत सोलण्यात गढला होता. मग एकेक गोष्ट त्यांच्या ध्यानात येऊ लागली. बहिणीकडे गेले तेव्हा तिच्या टेबलावर आधीच एक खरबूज होतं, त्यांच्या खरबुजापेक्षा मोठं. पुजारीबुवांच्या त्या वाक्यातला विचार कुणाचा, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. आणि आई चघळत होती ती वडी त्यांनी आणलेली नव्हती. मुळं मोकळी झाली होती खरी. फक्त त्यांना वाटत होतं की कुदळ आपल्या हातात आहे.

"आई," ते म्हणाले, "तू तरी सांग काहीतरी."

"काय सांगू?" किनुबाईंनी बोटं पुसली. "जिवंत होते तोवर त्यांना मी वाढलं. आता तू वाढ. पूर्वीसारखा त्रास नाही रे बाबा त्यांचा, भात कच्चा राहिला म्हणून वाटी फेकत नाहीत आता."

"पण मला भात लावता येत नाही."

"म्हणून तर म्हणते, त्यांनाच वाढ."

मिझोगुचीचं साल तुटलं. तोमोएनं कप गोळा करायला घेतले. किनुबाई म्हणाल्या, आटपा आता, टाळी घ्या. उत्सुमींच्या घरात काहीही ठरलं की सगळ्यांनी मिळून एक टाळी वाजवायची, कंपनीत वाजवत तशी. एकदा वाजली की विषय संपला, पुन्हा काढायचा नाही. आणि टाळीआधी 'इयो' अशी हाक द्यायचा मान घरातल्या कर्त्या पुरुषाचा.

शिगेनोरींनी तोंड उघडलं ते विरोध करायलाच. पण समोर तीन जोड्या हात तयार होते, आणि तयार हातांना ताटकळत ठेवणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांचे हात आपोआप वर आले.

"इयोऽ..."

टाळी एकच वाजली, एका माणसाची वाटावी इतकी एकसंध. एवढी नेटकी टाळी कंपनीतही कधी जमली नव्हती, आणि क्षणभर त्यांना अभिमानसुद्धा वाटला.

प्लमची झाडं फुलली तेव्हा दोघी गेल्या. विमानतळावर शिगेनोरींनी खुर्ची ढकलली, बॅगा उचलल्या आणि निघताना वाकून आभार मानले. कशाबद्दल ते त्यांना नंतर बसमध्येही आठवेना.

खिशाला पुरतील एवढे पैसे दर महिन्याला न चुकता चिआंग माईहून येतात. फोनवर कधीतरी आई दिसते, हिरव्यागार मैदानात गोल्फच्या गाडीत बसलेली, डोक्यावर शिगेनोरींचीच टोपी. एकदा त्यांनी मिझोगुचीला गाठलं. तो म्हणाला, बाईंचा व्हिसा दर वर्षी वाढवावा लागतो, तेव्हा त्या हवं तर नवरा जोडून घेऊ शकतात. हवं तर, असं तो दोनदा म्हणाला.

तेव्हापासून शिगेनोरींनी पुन्हा मुळं मोकळी करायला घेतली आहेत. बहीण फोन उचलत नाही. पुजारीबुवांनी त्यांच्या हाती खराटा दिलाय. म्हणून रोज सकाळी ते बाबांपुढे कच्चट भाताची वाटी ठेवतात, जोडीला घेवड्याची वडी ठेवतात, आणि आपण चिआंग माईला जाणं कसं सगळ्यांच्याच हिताचं आहे ते मुद्देसूद पटवून देतात. मग उदबत्ती विझेपर्यंत थांबतात. बाबांची कधीच हरकत नसते. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे, गप्प बसला त्याची संमती धरायची. प्रस्ताव रोज एकमतानं मंजूर होतो, आणि शिगेनोरी हाक देऊन एकटेच टाळी वाजवतात.