ताईने मला टाकलं त्या दिवशी

मी एक पत्र्याचा कर्णा. मला दोन तोंडं आहेत, एक लहान आणि एक मोठं, पण म्हणून मला दुतोंडी समजू नका. लहान तोंडाशी जे बोलाल तेच मोठ्या तोंडातून बाहेर पडतं, फक्त जरा चढ्या आवाजात. आयुष्यात मी पदरचं काही घातलं नाही. तरीही एका दुपारी माझ्यावर कुणाचा विश्वास बसेना, आणि माझ्यापायी एका अख्ख्या गल्लीतली माणसं पाण्याखाली गेली असती.

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, वळवून, झाळून एका कारागिराने मला घडवलं. मला विकत घेतलं नदीवर लाँच चालवणाऱ्या एका माणसाने. त्याची लेक त्याच लाँचवर काम करायची. पुढे सगळं गाव तिला ताई म्हणू लागलं, म्हणून मीही ताईच म्हणतो.

एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की लाँचचं पुढचं टोक दिसेना. समोरून वाळूची बोट येत होती. तिचं इंजिन ऐकू येत होतं, ती मात्र दिसत नव्हती. बापाने आपलं इंजिन बंद केलं आणि मला लेकीच्या हातात दिलं. "त्यांना डावीकडे व्हायला सांग. सांगत राहा, थांबू नकोस."

तिच्या तळहाताला घाम फुटला होता, माझी मूठ निसटत होती. तरी ती ओरडत राहिली. वाळूची बोट हातभर अंतरावरून निघून गेली आणि लाँचवरच्या माणसांनी श्वास सोडला. त्या दिवसापासून तिने मला सोडलं नाही.

नदीवर पूल झाला, लाँच बंद पडली. ताई एका फिरत्या नाटक कंपनीत गेली. आम्ही ट्रकच्या मागे बसून गावोगाव हिंडलो. सकाळी ती रस्त्यारस्त्यातून माझ्यातून खेळाची वर्दी द्यायची आणि संध्याकाळी कधी राणी व्हायची, कधी चेटकीण. एकदा न्यायाधीश आजारी पडला तेव्हा मिशा लावून न्यायाधीशही झाली. प्रत्येक प्रवेशाआधी पडद्याआड तिचे हात गार पडायचे आणि ती मला घट्ट धरून उभी राहायची. जेवतानासुद्धा मी तिच्या काखेत. कंपनीतले चिडवायचे, "हिचं लग्न कर्ण्याशी लागलंय!" मला त्याचं काही वाईट वाटायचं नाही.

अकरा वर्षं अशी गेली. मग घरून निरोप आला. धरणाचे दरवाजे उघडले होते, नदीकाठच्या खालच्या गल्लीत पाणी शिरलं होतं, आणि त्यात ताईची थोरली बहीण गेली होती. पाणी सुटणार हे सांगायला कुणी आलंच नव्हतं.

ताई परतली ती कायमची. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली, निवडून आली, आणि पहिल्याच बैठकीत म्हणाली, "खालच्या गल्लीला सांगायला मी जाईन." दर वर्षी ती त्या गल्लीत पुराच्या सरावाचं पथनाट्य करू लागली. नाटकाच्या शेवटी मला तोंडाशी धरून गल्लीभर धावायची, "पाणी सुटलंय! वर चला!" आणि सगळे हसतखेळत चढावरच्या शाळेत जाऊन बसायचे.

दहा वर्षांत ते वाक्य लोकांना तोंडपाठ झालं. ताईच्या आधी तेच म्हणायचे आणि टाळ्या पिटायचे. खरं सांगतो, टाळ्या आम्हाला दोघांनाही आवडायच्या. सरावाचा कधी खेळ झाला, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

आणि मग ती दुपार आली. धरणावरच्या माणसाचा फोन होता. "ताई, दरवाजे उघडावे लागतायत. तुमच्याकडे तासभर आहे, फार तर." वीज गेलेली, त्यामुळे पुराचा इशारा द्यायला नगरपालिकेने बसवलेला मिजासखोर भोंगा मुका. ताईने मला उचललं आणि चपला न घालताच धावत सुटली.

"पाणी सुटलंय! वर चला!"

खिडक्या उघडल्या. कुणीतरी टाळी वाजवली. बेकरीवाले काका दारात येऊन म्हणाले, "अहो ताई, यंदा लवकर प्रयोग? पाव भट्टीत आहेत माझे, अर्ध्या तासाने करा की!"

"काका, खरंच पाणी येतंय!"

"वा! आज आवाज काय लागलाय!"

ती ओरडत गेली आणि मी तिचा आवाज चढवत गेलो. जितका मी चढवला तितके लोक खूश. टेलरमामा कापड बेतायच्या टेबलाशी हसत उभे होते, आत त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले. वीस मिनिटं गेली होती.

ताई त्यांच्या दुकानाच्या पायरीशी थांबली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मला गटारात फेकून दिलं.

मी आपटलो, माझी कड दुमडली. आयुष्यात पहिल्यांदा तिचे हात मोकळे होते. ती टेलरमामांचे दोन्ही हात धरून काहीतरी सांगू पाहत होती, पण तिला शब्द सापडेना. कधी एक ओळ न विसरलेली ताई त्यांना नुसती दाराबाहेर ओढत होती.

टेलरमामांनी तिच्याकडे पाहिलं. मग गटारात माझ्याकडे पाहिलं. त्यांचं हसू मावळलं.

"ताईंनी कर्णा टाकला," ते पुटपुटले. आणि मग ओरडले, "अरे, ताईंनी कर्णा टाकलाय! हे नाटक नाही! उठा!"

पुढचं मी गटारातून पाहिलं. बेतायच्या टेबलावर वडिलांना निजवून चौघांनी ते उचललं. बेकरीवाले काका पाव तसेच टाकून पळाले. ताई घराघरात शिरत होती, माणसं बाहेर काढत होती. शेवटचं माणूस चढावर पोचलं तेव्हा गटाराचं पाणी उलटं वाहू लागलं आणि मला घेऊन गेलं. गल्लीत छपरापर्यंत पाणी चढलं, पण माणूस एकही गेलं नाही.

नऊ दिवसांनी मी तारेच्या कुंपणात अडकलेला सापडलो, चिखलाने भरलेला. ताईने मला मांडीवर घेऊन धुतलं. मग म्हणाली, "रागावलास?" मला उत्तर देता येत नाही. देता आलं असतं तर सांगितलं असतं, वेडे, त्या दिवसाइतका मी कधीच उपयोगी पडलो नव्हतो.

आता ताई थकली आहे. मी शाळेतल्या खुंटीवर असतो. कड अजून दुमडलेलीच आहे, आवाज फाटका येतो. पथनाट्य मात्र दर वर्षी होतं आणि शेवटी ताई गल्लीला एकच गोष्ट बजावते. तीच मी तुम्हालाही सांगतो. माझ्या हयातीतली एवढी एक विनंती ऐका. मी ताईच्या हातात दिसलो, तर हसा, टाळ्या वाजवा, आम्हाला आवडतं. पण ती रिकाम्या हातांनी धावत आली, तर काही विचारू नका. म्हाताऱ्यांना उचला आणि वर चला.