तीनशे तेरावा रूल

आमच्या फायरवॉलवर, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कच्या वेशीवर, तात्पुरते म्हणून उघडलेले आणि कधीच न मिटलेले तीनशे बारा रूल होते; एकेक रूल म्हणजे आत यायची एकेक वाट. सगळ्यात जुन्यावर 'फक्त दोन दिवस' असा शेरा होता. त्याला नऊ वर्षं झाली होती.

हे सगळे आमच्या सीनियर काकांनी उघडलेले. नाही म्हणायची वेळ आली की काकांना खोकला येतो.

तात्पुरता तर मीही होतो. माझा करार शुक्रवारी संपत होता. आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "मुदत संपलेले रूल आपोआप काढणारी स्क्रिप्ट लिही. नीट चालली तर तू कायम. एक जरी कामाचा रूल उडाला, तर शुक्रवारी नमस्कार."

गुरुवारी दुपारी तीनला मॅडम खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि मी एंटर दाबलं. रूल पटापट मिटू लागले. काका एकेकाला निरोप देत होते. "हा ऑडिटवाल्यांचा... हा त्या गोडबोल्या विक्रेत्याचा. गेला बिचारा."

तीनशे बारा झाले आणि स्क्रीन गप्प.

"अडकली?" मॅडमनी विचारलं.

तेव्हा मला आठवलं, आणि मी दोघांना सांगून टाकलं. स्क्रिप्टला फायरवॉलपर्यंत पोचायला वाट हवी, म्हणून मी तिच्यासाठी एक रूल उघडला होता. तीनशे तेरावा. चाचणीपुरताच, म्हणून इमानदारीत त्यालाही मुदत घातली होती : गुरुवार, दुपारी तीन.

"अरे, हिनं स्वतःच्याच तोंडावर दार लावून घेतलं!" काका म्हणाले.

"लावलं, की शेवटी कच खाल्ली?" मॅडम म्हणाल्या.

वरून बघायची सोय नव्हती. फायरवॉलपर्यंतची जुनी वाट आम्ही सकाळीच साफसफाईच्या उत्साहात बंद केली होती. तिघं तळघरात गेलो. गारठलेल्या खोलीत, लुकलुकत्या दिव्यांसमोर मी केबल थेट फायरवॉललाच जोडली.

कामाचे रूल : सगळे जागेवर. मुदत संपलेले : शून्य.

स्क्रिप्टनं तीनशे बारा दारं लावली, मग स्वतःचं नाव वाचलं, तारीख पाहिली आणि एका मिनिटाचीही सवलत मागितली नाही. काकांनी नकळत हात जोडले. मग कोणी पाहिलं तर नाही ना, हे बघून ते खिशात घातले.

"रोज यायचंय तिला," मॅडम हळूच म्हणाल्या. "कायमची वाट दे."

"आणि मी?"

"तूही कायम. आता जरा गप्प उभा राहा."

त्या अजून त्या शून्याकडेच बघत होत्या. मीही गप्प उभा राहिलो.