एकवीस दिवसांचं सॉफ्टवेअर

भरत दूध संघाचा पशुधन पर्यवेक्षक होता, पण कळंबच्या आसपास त्याला कुणी तसं म्हणत नसे. सगळे डॉक्टर म्हणत. सुरुवातीला तो दुरुस्त करायचा, मग चौदा वर्षांत ते सोडून दिलं. मोटरसायकलच्या मागे नायट्रोजनचं भांडं बांधून तो सकाळी सातला निघायचा, आणि वस्त्या-मळे करत दुपार टळल्यावर घरी यायचा. काम एकच. गाय माजावर आली की जाऊन कृत्रिम रेतन करायचं. गाय एकवीस दिवसांनी माजावर येते, तेही दिवसभरापुरती. सकाळी कळलं तर संध्याकाळपर्यंत वीर्याची कांडी पडली पाहिजे. वेळ हुकली की पुढचे एकवीस दिवस नुसतं बघत बसायचं.

दोन हजार नऊच्या जानेवारीत मंचरच्या दलीचंदशेठचा मुलगा विपुल त्याला भेटायला आला. दलीचंदशेठचं पेंड-भुशाचं दुकान होतं. विपुल पुण्यात इंजिनिअर झाला, तिथल्याच एका कंपनीत दोन वर्षं राहिला, आणि मंदीत कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा त्यात त्याचंही नाव निघालं. आता तो आणि त्याचा पुण्यातला मित्र मिळून मोबाईलवर चालणारं सॉफ्टवेअर बनवणार होते. गायवाल्या शेतकऱ्यांसाठी.

"भरतभाऊ, मला तुमच्याबरोबर फिरायचंय," तो म्हणाला. "बनवायला सुरुवात करायच्या आधी सगळं बघून घ्यायचंय."

"बघा की विपुलशेठ. भांडं मात्र तुमाला मांडीवर धरावं लागंल."

विपुलकडे एक यादी होती. सॉफ्टवेअरमध्ये काय काय असेल, त्याचे बावीस मुद्दे. दुधाचा भाव, हवामान, चाऱ्याची माहिती, रोगांची लक्षणं, सरकारी योजना, बरंच काही. शिवाय त्यानं पुठ्ठ्याचे मोबाईलएवढे तुकडे कापून त्यांवर पेन्सिलीनं पडदे काढले होते. बटण दाबल्यावर पुढं काय दिसेल ते दुसऱ्या तुकड्यावर. भरतला ते पोरखेळ वाटले.

पहिल्याच दिवशी ते रखमाजीच्या मळ्यात गेले. रखमाजी घरी नव्हता. त्याची बायको साळुबाई गोठ्यात शेण काढत होती. चार संकरित गायी, सगळं तिच्याच अंगावर. विपुलनं एक खताचं रिकामं पोतं अंथरलं आणि पुठ्ठे मांडले.

"मावशी, हा मोबाईल समजा. हे गायीचं चित्र. ह्यावर बोट ठेवा."

साळुबाईनं हात पदराला पुसले आणि वाकून बघितलं. "ही म्हस हाय," ती म्हणाली.

भरत हसला. विपुलनं खोडरबरनं शिंगं पुसून लहान केली. साळुबाईनं मग बोट ठेवलं, पुढचा पुठ्ठा आला, त्याच्या पुढचा आला. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती मन लावून बघत होती. शेवटी ती सरळ झाली.

"समदं बराबर हाय. पर मोबाईल ह्यांच्या खिशात असतू. आन् ह्ये मंचरला. गाय हंबराय लागली तर मी काय करायचं?"

"मग आत्ता काय करता?"

"शेजारच्या भागूच्या मोबाईलवरनं डॉक्टरला मिसकॉल देती. डॉक्टर वळखत्यात."

डॉक्टर ओळखत होता खरं. नंबर दिसला की त्याला घर कळायचं, आणि आपल्या वहीतले दिवस मोजून गायही. विपुलनं स्वतःच्या टिपणवहीत काहीतरी लिहिलं आणि त्या दिवशी पुन्हा पुठ्ठे काढले नाहीत.

पंधरा दिवसांत ते साठेक गोठे फिरले. जवळजवळ सगळीकडे तेच. गायीवर नजर बाईची, मोबाईल पुरुषाच्या खिशात. मंचरला दुकानाच्या माळ्यावर बसून विपुल बावीस मुद्द्यांवर रेघा मारत होता. त्याची आई धापूबाई दिवस मावळायच्या आत जेवून घ्या म्हणून खालून हाका मारत होती. दलीचंदशेठ वर आले, त्यांनी यादी उचलून डोळ्यांपासून लांब धरली.

"गिऱ्हाईक कोण तुझं?" त्यांनी विचारलं.

"शेतकरी."

"शेतकरी म्हणजे कोण? नाव सांग एकाचं."

शेठनी यादी खाली ठेवली. "नाव सापडलं की बनव," असं म्हणून ते जेवायला उतरले.

दुसऱ्या दिवशी विपुल भरतच्या घरी आला. "भरतभाऊ, गिऱ्हाईक तुम्हीच आहात," तो म्हणाला. "सॉफ्टवेअर शेतकऱ्याच्या मोबाईलमध्ये नको, तुमच्या मोबाईलमध्ये पाहिजे. मिसकॉल आला की घर कुठलं, गाय कुठली, मागची कांडी कधी, सगळं समोर दिसेल. हे सगळं तुमच्या वहीत आहे. ती मला आठ दिवस द्या."

भरतनं वहीवर हात ठेवला. "माझं अक्षर लई वाईट हाय," तो म्हणाला.

"मी लावीन."

"बघू. सवडीनं देतो."

विपुल गेल्यावर भरतची बायको शीला म्हणाली, "दिली का न्हाई?"

"देणार हाय."

पण तो देणार नव्हता, आणि ते त्याला चांगलं माहीत होतं. अक्षराचा काही प्रश्न नव्हता. कुणाच्याही लग्नात त्याला पुढच्या ओळीत खुर्ची असे. रस्त्यानं जाताना लोक गाडी थांबवून चहा पाजत. ते सगळं त्या वहीपायी होतं, आणि वहीत जे लिहिलेलं नव्हतं त्यापायी. मोबाईलमध्ये सगळं भरल्यावर ज्याच्या हातात मोबाईल तो डॉक्टर. विपुलनं दोनदा आठवण केली. भरत दोन्ही वेळा घाईत होता.

मार्चमध्ये दूध संघानं त्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला बोलावलं. बदली म्हणून गेणू आला. गेणू जुन्नरकडचा, घाटघरपर्यंत पायी हिंडलेला, कामाला चोख माणूस. भरतनं त्याला आपलं सिमकार्ड दिलं आणि वहीही दिली.

चौथ्या दिवशी परत आला तर गेणू ओट्यावर वही घेऊन बसलेला.

"भाऊ, ह्ये काय लिवलंय?" त्यानं बोट ठेवलं. "'वडा. तां. दोनदा उ. बाई क. ऐ.'"

"वडाखालची तांबडी गाय, कांडी टाकून बी दोनदा उलटली. घरातल्या बाईला कमी ऐकू येतं, म्हून हाका मारत बसायचं न्हाई, सरळ गोठ्याकडं जायचं."

"आन् ह्ये 'साळू म.'?"

"साळुबाईचा मळा."

गेणूनं वही मिटली. मग म्हणाला, "मी साळव्यांच्या मळ्यात गेलो व्हतो. तिथं त्यांच्याकडं गायीच न्हाईत, नुसत्या शेळ्या."

तीन दिवसांत तेवीस मिसकॉल आले होते. उलटा फोन करेपर्यंत मोबाईल घरधन्याबरोबर मंचरच्या बाजारात गेलेला असायचा, तो घरी विचारून सांगतो म्हणायचा. तेवीसपैकी नऊ गायींपर्यंत गेणू पोचला. उरलेल्या चौदांमध्ये साळुबाईची कबरी गाय होती.

भरत त्याच दुपारी मळ्यात गेला. आपल्याला बोल लावतील अशा तयारीनं गेला होता. साळुबाईनं त्याला पाणी दिलं.

"गेली पाळी," ती म्हणाली. "आता पुढल्या खेपंला. तुमच्या माणसाचा दोष न्हाई. त्याला बिचाऱ्याला काय ठावं?"

ती पुन्हा कामाला लागली. कबरी रवंथ करत बसली होती. भरतनं तांब्या खाली ठेवला. साळुबाई रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिथून तो घरी न जाता मंचरला गेला, दुकानाच्या माळ्यावर चढला आणि वही विपुलच्या पुढ्यात ठेवली.

"तुमाला अक्षर लागायचं न्हाई," तो म्हणाला. "मी वाचतो, तुमी लिवा."

चार दुपारी ते काम चाललं. भरत एक ओळ वाचायचा आणि तिच्यामागचं सांगायचा. ही गाय मुकी आहे, माजावर आली तरी हंबरत नाही. ह्या घरी सकाळी कुणी नसतं. ह्या ओढ्याला पावसाळ्यात वरून वळसा. सांगता सांगता त्याच्या लक्षात येत होतं की यातलं निम्मं त्यानं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. विपुलचं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर होतं. तो तारखा लावून बघत होता.

"भरतभाऊ, कांडी फुकट गेली असं तुम्ही म्हणता, पण इथं निम्म्या वेळा तुम्हाला बोलावणंच उशिरा आलंय. बायांना दिवस लक्षात राहत नाहीत."

"चार गायी, शेतातली कामं, सैपाक. कसं राहील?"

"मग आदल्या दिवशी त्यांना कळवलं तर?"

हे साळुबाईला विचारायला ते दोघं गेले. संदेश वाचता येत नाही, मोबाईल नवऱ्याकडे. तिनं फारसा विचारही केला नाही.

"सकाळच्या धारंला मोबाईल घरीच असतू, खुटीला. सहाच्या टायमाला एक रिंग द्या. आमी उचलनार न्हाई. डॉक्टरची रिंग आली म्हंजी त्या दिशी गायीकडं डोळा ठिवायचा. येवढं पुरं."

रखमाजी तेव्हा घरी होता. तो म्हणाला, "पावणं, येवढ्यासाठी काम्पुटर कशाला लागतू? ह्ये डॉक्टर हातानं करत्याल की."

विपुलनं चमकून त्याच्याकडे बघितलं. मग भरतकडे वळून म्हणाला, "खरंच करून बघू या. एकवीस दिवस. सॉफ्टवेअर नाहीच असं धरून."

त्याच्या मित्राला हे पटलं नाही. पुण्याहून तो रोज विचारायचा, कोड लिहायला कधी घ्यायचं? विपुल म्हणायचा, थांब. एप्रिलात एकवीस दिवस भरत पावणेसहाला उठून ओट्यावर बसला आणि त्या दिवशी ज्यांची पाळी होती त्या घरांना एकेक रिंग देत गेला. विपुल मंचरहून फक्त टिपणं ठेवत होता. पहिल्या आठवड्यात तिघांनी रिंग उचलून शिव्या घातल्या. दुसऱ्या आठवड्यात कुणी उचलेना. दुपारी नुसते मिसकॉल येऊ लागले, पूर्वीपेक्षा लवकर, आणि गाय माजावर असतानाच.

सोळाव्या दिवशी साळुबाईच्या शेजारच्या भागूच्या घरी रिंग दिली तर तिनं ती उचलली. मग रडायला लागली. तिची गाय पाच दिवसांपूर्वी पोट फुगून मेली होती. भरतला कुणी कळवलं नव्हतं.

"तुमची रिंग वाजली आन् मी सवयीनं उठून गोठ्यात गेले, डॉक्टर," ती म्हणाली.

भरतनं हे विपुलला जसंच्या तसं सांगितलं. विपुलनं लिहून घेतलं. बावीस मुद्द्यांच्या जागी आता चारच उरले होते. मिसकॉल आला की घर आणि गाय दाखवायची. मागच्या तारखांवरून सकाळी रिंग द्यायची. वाटेची खूण लिहायला एक जागा ठेवायची. आणि चौथा मुद्दा भागूचा, गाय गेली किंवा विकली की एका बटणात तिची रिंग कायमची बंद.

तीन पानांचा आराखडा झाला. मित्रानं तो वाचून विचारलं, हवामान कुठं गेलं, भाव कुठं गेले? विपुलनं त्याला एक दिवस भरतच्या मोटरसायकलवर बसवलं. संध्याकाळी मित्र कोड लिहायला पुण्याला परतला. सहा आठवड्यांत ते काम संपलं. त्याआधीच्या तयारीला पाच महिने लागले होते.

दिवाळीपर्यंत संघाच्या अकरा माणसांच्या मोबाईलमध्ये ते सॉफ्टवेअर आलं. गेणूनं घाटघरकडून फोन करून सांगितलं, वाटेची खूण टाकायची जागा लई कामाची आहे. संघाला मात्र दुसरीच गोष्ट दिसली. सॉफ्टवेअरमुळे एकेकाच्या गायी मोजता येऊ लागल्या, आणि भरतकडे दोघांचं काम आहे हे कागदावर आलं. डिसेंबरात प्राची नावाची मुलगी रुजू झाली. पदविका नुकतीच झालेली, स्कूटीवर भांडं बांधून हिंडणारी. भरतच्या अर्ध्या वस्त्या तिच्याकडे गेल्या. रखमाजीचा मळाही त्यातच होता.

आठवड्यानं साळुबाई त्याला कळंबच्या स्टँडवर भेटली.

"पोरगी चांगली हाय," ती म्हणाली. "वाट न इचारता नीट गोठ्यात आली. कबरीला नावानं हाक मारली तिनं."

"कबरी गाभण हाय ना?"

"हाय की. आठ म्हैनं झालं."

"बरं झालं," भरत म्हणाला. साळुबाईची एसटी आली आणि ती चढून गेली.

त्या दिवशी त्याच्या वाट्याच्या गायी साडेबारालाच आटोपल्या. तो घरी आला, भांडं सोडून ओट्यावर ठेवलं. शीला पीठ मळत होती. त्याला दारात बघून ती पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"बरं न्हाई का?" तिनं विचारलं.

"बरं हाय. काम झालं."

तिचा विश्वास बसला नाही. तिनं कोपरानं त्याचं कपाळ बघितलं, मग आत जाऊन आणखी दोन भाकरींचं पीठ काढलं. भरत पाटावर बसला. चौदा वर्षांत पहिल्यांदा तो दुपारची भाकरी तव्यावरून गरम गरम खात होता.