सणाची आदली संध्याकाळ

शारजात दारू मिळत नाही, म्हणून ऑफिस सुटलं की विष्णू दुबईतल्या बारमध्ये बसायचा आणि झोकांड्या खात शारजातल्या अल नहदाच्या फ्लॅटवर यायचा. पण ईदसारख्या सणाच्या आदल्या संध्याकाळी बार बंद असत. त्या दिवशी तो सूर्यास्ताला, मगरिबच्या अजानबरोबर घरी येई, बेल वाजवी आणि बायकोला विचारी, "हेमा, आज काय केलंयस?" वर्षातून अशा चार-पाचच संध्याकाळी. हेमा त्या संध्याकाळींवर वर्ष काढायची.

मग नियम सैल झाला. बार त्या संध्याकाळीही उघडे राहू लागले.

पहिल्याच वेळी हेमाने भरली वांगी करून ठेवली होती. विष्णूचा फोन आला. "अगं, आज चालू आहे म्हणे. थोडा बसतो आणि येतो." बारमधून निघून रस्ता ओलांडताना त्याला गाडीने उडवलं. तो जागीच गेला.

पुढच्या ईदच्या आदल्या दिवशी अजान झाली आणि बेल वाजली. दाराबाहेर कोणी नव्हतं. हेमा स्वयंपाकघरात परतली तर मागून स्पष्ट आवाज आला, "आज काय केलंयस?"

"आई, यू आर जस्ट टायर्ड," मुलगी सृष्टी म्हणाली. पण त्यानंतरच्या सणाला दार तिनेच उघडलं आणि पांढरीफटक होऊन आत आली. "आई, बाबा इज आउटसाइड. ही इज टेकिंग ऑफ हिज शूज."

महिन्याभरात त्यांनी घर बदललं. दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसच्या नव्या फ्लॅटमध्ये सणाची आदली संध्याकाळ शांत गेली. हेमाला मात्र जेवण गेलं नाही.

सकाळी जुन्या घरासमोरच्या मैमुनाबींचा फोन आला. त्या मूळच्या रत्नागिरीच्या.

"हेमा, काल मगरिबनंतर तुमच्या दाराची बेल वाजत होती गं. खूप वेळ."

"फ्लॅट तर रिकामा आहे."

"तेच तर." मैमुनाबी म्हणाल्या. "विष्णूभाईंना सांगितलंस का, तुम्ही घर बदललं म्हणून?"

पुढच्या ईदच्या आदल्या दिवशी हेमा सृष्टीला न सांगता अल नहदाला गेली आणि जुन्या फ्लॅटच्या दाराशी उभी राहिली. अजान संपली. लिफ्ट उघडली. आतून कोणी बाहेर आलं नाही, तरी बेल वाजली.

"अहो, इथे नाही राहत आता आपण," हेमा हलक्या आवाजात म्हणाली. "चला, घर दाखवते."

खाली टॅक्सी थांबवून तिने मागचं दार क्षणभर उघडं धरलं, मग स्वतः बसली. सिलिकॉन ओएसिस येईपर्यंत दोघांपैकी कोणीच बोललं नाही.