सिस्टर, बाहेर बसा

गुरुवारी लेकीला, एस्तेरला, ताप भरला तेव्हा मुरलीधर म्हणाला होता, "डॉक्टरला दाखवून आणू या." मृणालिनीने नवऱ्याला उडवून लावलं. "नर्सिंगची सोळा वर्षं आयसीयूत काढलीत मी. व्हायरल आहे. उद्या चर्चला नाचत येईल." इथे आखाती देशात चर्च रविवारी नाही, शुक्रवारी भरायचं.

शुक्रवारी सकाळी सहा वर्षांची एस्तेर उठलीच नाही. मृणालिनीने मानेखाली हात घातला, तर मान लाकडासारखी ताठ. काय झालंय ते तिला तिथेच कळलं. अल नहदाच्या फ्लॅटपासून हॉस्पिटलपर्यंत मुरलीधरने गाडी कशी हाकली ते त्यालाच ठाऊक. मागच्या सीटवर ती मुलीला छातीशी धरून एकच घोकत होती, "काल न्यायला हवं होतं."

मेंदूज्वर निघाला. एस्तेर मृणालिनीच्याच आयसीयूत व्हेंटिलेटरवर गेली. आणि तिच्या खाटेवर ड्यूटी लागली अजराची. रत्नागिरीची ही पोरगी इथे नवीन होती. महिन्यापूर्वी सुई लावताना तिचा हात थरथरला, तेव्हा मृणालिनीने सगळ्या स्टाफसमोर तिला सुनावलं होतं, "तुझ्या हाती मी मांजरसुद्धा देणार नाही."

शनिवारी दुपारी मशीनचा अलार्म वाजला. काचेबाहेर उभी असलेली मृणालिनी दार ढकलून आत घुसली आणि व्हेंटिलेटरचं प्रेशर वाढवायला तिने बटणाला हात घातला. अजराने तिचं मनगट घट्ट पकडलं.

"सिस्टर, हात काढा."

"तू मला शिकवणार?"

"नळीत कफ अडकलाय. प्रेशर वाढवलं तर फुप्फुस फाटेल तिचं." अजराचा आवाज कापत होता, पण पकड सुटली नाही. "सिस्टर, बाहेर बसा."

अजराने नळी साफ केली. अलार्म थांबला. तिचंच बरोबर होतं.

मृणालिनी बाहेर येऊन खुर्चीत कोसळली. 'बाहेर बसा', हे दोन शब्द आजवर तिने किती आयांना ऐकवले होते! मान वर न करता, फाईलमध्ये लिहितालिहिता. मुरलीधरने तिच्या मांडीवर तिच्या वडिलांचं स्तोत्रांचं पुस्तक ठेवलं. वडील, केरूबाबा, शेवगावकडच्या खेड्यांतले ख्रिस्ती पाळक. ही स्तोत्रं म्हणतच ते सायकलवरून गावोगाव जायचे.

तिने आक्रोशाची स्तोत्रं शोधून काढली. देवा, किती वेळ, का, ऐक, लवकर कर. ओठ हलत होते, पण तिच्या ध्यानात आलं की ही प्रार्थना नव्हेच. देवालासुद्धा आपण ऑर्डरी सोडतोय. तिला स्वतःची शिसारी आली. पानं उलटता उलटता ती तीनच ओव्यांच्या एका लहानशा स्तोत्रापाशी थांबली. माझं मन गर्विष्ठ नाही, असं त्यात होतं. पहिलीच ओळ तिला म्हणवेना. हे खोटं मी कशी म्हणू? पुढे दूध तुटलेल्या लेकराची गोष्ट होती. एस्तेरचं दूध तोडलं तेव्हा तीन दिवस तिने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. चौथ्या दिवशी ती आपण होऊन मांडीवर येऊन बसली, काहीही न मागता.

"देवा, मला काही कळत नाही," मृणालिनी हळूच म्हणाली. पुढे काय मागावं ते तिला सुचेना. तिने मागितलंच नाही. भीती गेली नाही. फक्त तिने मशीनचे आकडे काचेतून वाचायचं सोडून दिलं आणि तेच स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून धरलं. पहिली ओळ ती आता कबुलीसारखी म्हणत होती.

संध्याकाळी ड्यूटी संपवून अजरा बाहेर आली, तशी मृणालिनी उठून उभी राहिली. "अजरा, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले. चुकलं माझं. माफ कर."

अजरा म्हणाली, "असं नका बोलू, सिस्टर. मी कोण? करणारा वर बसलाय." मग तिचं लक्ष पुस्तकाकडे गेलं. "काय वाचताय?"

"दाविदाची स्तोत्रं."

"दाऊद नबींचं जबूर! मानतो ना आम्ही मुसलमान पण." ती शेजारी बसली. "वाचा. मी ऐकते."

मृणालिनीने वाचलं. अजराची बस निघून गेली, तरी ती उठली नाही.

पुढचे तीन दिवस मृणालिनी बाहेरच बसली. आत बोलावलं की जायची, जा म्हटलं की निघायची. बुधवारी एस्तेरची नळी काढली. तिने डोळे उघडले, आईला ओळखलं. मुरलीधर भिंतीला डोकं टेकून रडला. पण मागे टाळी वाजवली तरी मुलगी वळेना. तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगितलं, "जीव वाचला. डावा कान गेला. उजव्यात थोडं आहे, तेही टिकेल की नाही, सांगता येत नाही."

"गुरुवारी आणलं असतं तर?" मृणालिनीने विचारलं.

डॉक्टर फाईलमध्ये लिहू लागले. तिने पुन्हा विचारलं नाही.

घरी आल्यावर ती एस्तेरच्या उजव्या बाजूला बसली आणि स्तोत्र म्हणू लागली. मुलगी तिच्या ओठांकडे एकटक बघत होती. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "लाउडर, मम्मा."

मृणालिनीने आवाज चढवला.